स्पाउसल पीआरचा निकाल यायचाय आणि नोकरी सप्टेंबरपासून : तिघांनी मिळून कॅनडाला जावं का?

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची जळगावची, सासर रावेर तालुक्यातलं. शिक्षणासाठी कॅनडात गेले, तिथेच पीआर (कायमची रहिवासी) झाले आणि पुढे नागरिकत्वही मिळालं. लग्नानंतर काही वर्षं माझं जाऊन-येऊन चालू होतं, मुलगी माहेरी जळगावलाच झाली. मग आप्पांना (सासऱ्यांना) लकव्याचा झटका आला आणि मी तिकडचं आवरून रावेरला आले. नवरा केळीची बाग बघतो, धाकटे दीर-जाऊ सोबतच राहतात.

नवऱ्याचा आणि मुलीचा पीआरचा अर्ज मी इथूनच भरला आहे. मी प्रायोजक, नवरा मुख्य अर्जदार, मुलगी अवलंबित. पोचपावती म्हणजे एओआर आली, प्रायोजक म्हणून मी पात्र आहे हेही कळवलं, मुंबईला जाऊन दोघांचं मेडिकल झालं. आता फक्त वाट बघणं आहे. आणि नेमकी आत्ता मला ओंटारियोत माझ्या जुन्या क्षेत्रात नोकरी मिळाली. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचंय. मुलगी तिथल्या हिशोबानं पहिलीत जाईल.

आखाजीला नणंदा आल्या होत्या तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांचं यावर बोलणं झालं. एकीचं म्हणणं मी एकटीनं पुढे जावं, दुसरीचं म्हणणं नोकरी सोडून द्यावी, आप्पांना बोलता येत नाही पण ते हातानं "जा जा" करतात. मला स्वतःला तिघांनी एकत्र जावं असं वाटतं. नवऱ्यानं आणि मुलीनं व्हिजिटर व्हिसावर यायचं आणि पीआरचा निकाल तिथेच लागू द्यायचा. असं चालतं का? चालू अर्जाला धक्का लागतो का? बाग, सातबारा, दागिने, शाळा, सगळ्याच बाबतीत जाणत्यांनी सांगावं.

भुसावळ_जंक्शन

ताई, घाई करू नका. आमच्याकडे अमेरिकेचं प्रकरण झालंय. भावानं वहिनीसाठी आय-१३० (बायकोला कायमचं बोलवायचा अर्ज) भरला आणि मध्येच तिच्यासाठी बी-२ व्हिजिटर व्हिसा मागितला. मुलाखतीत विचारलं, नवरा कुठे असतो, अर्ज भरलाय का. खरं सांगितलं आणि तिथेच नकार. एकदा कायमचा अर्ज भरला की तुमचा इरादा परत यायचा नाही असंच ते धरतात. पासपोर्टवर नकाराची नोंद लागण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं.

यावलची_लेक

भुसावळचे भाऊ सांगतात ते अमेरिकेपुरतं बरोबर आहे. तिकडे व्हिजिटर व्हिसा मागणारा कायम राहायलाच येतोय असं कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढायची जबाबदारी अर्जदारावर असते. कॅनडाचा कायदा इथे उघड वेगळा आहे. त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) मध्ये लिहिलंय की माणसाला पुढे कायमचं राहायचं असलं तरी तेवढ्यामुळे त्याला तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही. अट एवढीच की परवानगीची मुदत संपली आणि पीआर झाली नसेल, तर हा माणूस देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. याला तिकडे ड्युअल इंटेंट म्हणतात. शिवाय मे २०२३ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यानं जाहीर केलं की ज्यांचा स्पाउसल अर्ज चालू आहे अशांचे व्हिजिटर व्हिसा लवकर निकाली काढू, बहुतेकांचे तीस दिवसांत. मी गेली कित्येक वर्षं ओंटारियोत राहते आणि आपल्या भागातल्या अनेक जोडप्यांचे कागद पाहिलेत, म्हणून एवढ्या ठामपणे लिहिते.

मात्र व्हिसाच्या अर्जात काहीही झाकू नका. पीआरचा अर्ज चालू आहे का, हा प्रश्न येणारच. तिथे हो लिहायचं, एओआरची प्रत जोडायची आणि एक पानाचं पत्र लिहायचं. पत्रात तीन गोष्टी साध्या भाषेत हव्यात : आम्ही कुटुंब म्हणून एकत्र राहू इच्छितो, पीआरचा निकाल विरोधात गेला किंवा मुदत संपली तर आम्ही परत येऊ, आणि परत यायला आमच्याकडे हे हे आहे. तुमच्याकडे तर सांगण्यासारखं भरपूर आहे. सातबारा, उभी बाग, आजारी वडील, एकत्र कुटुंब. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रासह जोडा. खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं दार बंद होतं आणि त्यात पीआरचा अर्जही बुडतो. एजंट लोक "कशाला सांगता पीआरचं" म्हणतात, त्यांचं ऐकू नका.

चालू अर्जाला धक्का लागतो का? तुमचा अर्ज देशाबाहेरून भरलेल्या फॅमिली क्लासमधला असणार. त्यात अर्जदार कॅनडात येऊन राहिला तरी अर्ज चालूच राहतो. पत्ता बदलला की वेबफॉर्मवरून लगेच कळवायचं. निकाल लागेल तेव्हा तो कॅनडात असेल तर पीआरची पुष्टी ऑनलाइन पोर्टलवरच होते, भारतात असेल तर पासपोर्ट मागवून त्यावर व्हिसा लावतात. या वर्गाचा आणखी एक फायदा, अर्ज नाकारला गेला तर प्रायोजकाला अपील करता येतं. कॅनडात राहून भरायचा जो दुसरा वर्ग आहे त्यात हे अपील नाही. त्यामुळे तिकडे गेल्यावर कुणी "हा अर्ज मागे घे आणि आतून भर" असं सुचवलं तर मुळीच करू नका.

आता मला सांगा, मुलगी जन्मली तेव्हा तुम्ही नागरिक होता की पीआर?

मेहरूणकाठ

पीआर होते. नागरिकत्वाची शपथ त्यानंतर झाली.

यावलची_लेक

मग तिला अवलंबित म्हणून अर्जात घेतलं ते अगदी बरोबर. शपथेनंतर जन्मली असती तर ती जन्मानंच कॅनडाची नागरिक ठरली असती, तिला पीआर लागलीच नसती, नागरिकत्वाचा दाखला मागावा लागला असता. पुष्कळ घरांत थोरलं एका बाजूला आणि धाकटं दुसऱ्या बाजूला पडतं, आणि सगळ्यांना एकाच पद्धतीनं अर्जात घालून ठेवतात. तुमच्या मुलीला पीआर मिळाली की तिच्या नागरिकत्वासाठी तुम्ही लगेच अर्ज करू शकता, आई नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलाला तिथे राहिलेल्या दिवसांचा हिशोब द्यावा लागत नाही.

चोपड्याची_मावशी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या भाच्याची दुसरी बायको कॅनडात पीआर आहे. ती त्याचा अर्ज भरते आहे. पहिल्या लग्नाचा मुलगा त्याच्या आईकडे असतो, तो जाणार नाही. एजंट म्हणतो त्याचं नाव लिहू नका, भानगड वाढते. काय करावं?

यावलची_लेक

मावशी, नाव लिहाच. हात जोडून सांगते. तो जाणार असो वा नसो, ताबा कोणाकडेही असो, मूल अर्जात दाखवावं लागतं आणि शक्य असेल तर त्याचं मेडिकलही करावं लागतं. आज लपवलेलं मूल उद्या फॅमिली क्लासमधून बोलवता येत नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. पोरगा उद्या पंधरा वर्षांचा होऊन "मला पप्पांकडे जायचंय" म्हणाला तर भाच्याच्या हातात काही उरणार नाही. त्याच्या आईनं मेडिकलला नकार दिला तर तसं लेखी कळवायचं, पण मूल आहे हे लिहायचं. आणि सूनबाई पीआर आहे म्हणता, नागरिक नाही, तर अर्ज चालू असताना तिनं कॅनडातच राहिलं पाहिजे. बाहेर राहून प्रायोजक होण्याची सोय फक्त नागरिकाला आहे, तीही पुढे कॅनडात येऊन राहणार असेल तरच.

अमळनेरकर

कागदांचं मी सांगतो, माझं रोजचं काम त्यातलंच आहे.

खान्देशातल्या फाइली अडतात त्या नावांवर. चौधरी आडनाव इंग्रजीत कुठे "सीएचओयू", कुठे "सीएचएयू", कुठे नुसतं "सीएचओ" असं लागतं. एकाच घरात बापाच्या पासपोर्टवर एक, लेकीच्या जन्मदाखल्यावर दुसरं. बाईचं तर विचारूच नका : दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, बँकेत माहेरचं आडनाव. कॅनडाच्या फॉर्ममध्ये "इतर नावं" असा रकाना असतो, त्यात ही सगळी नावं लिहून टाकायची आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसेल, फक्त लिंग आणि आईबापाचं नाव असेल, तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे आधी नाव चढवून घ्या.

लग्नाचा दाखला हा महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालचा नमुना ई असावा. गावात ग्रामसेवकाकडे नोंद होते. देवस्थानाची पावती किंवा भटजींची चिठ्ठी ही नोंदणी नव्हे. पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट सेवेच्या साइटवरून मागायची. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलिस पडताळणी पुन्हा होते, त्यात दिवस जातात, हे धरून चाला.

नात्याच्या पुराव्यासाठी जो आयएमएम ५५३२ फॉर्म असतो त्यात लग्न कसं जमलं, कोण कोण हजर होतं हे विचारतात. आपल्याकडे ठरवून झालेलं लग्न असतं, ते तसंच लिहावं. काही जण भीतीनं प्रेमविवाह असल्यासारखं लिहितात आणि मग फोटोत बोलणी, साखरपुडा, हळद, सगळं दिसतं. जे झालं तेच लिहा, पत्रिका जोडा, दोन्हीकडचे वडीलधारे एकत्र दिसतील असे फोटो द्या.

सातपुडा_पायथा

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कागदाचं सगळं होईल, बागेचं काय? केळी हे दूरवरून बघायचं पीक नाही. मृगबाग लावली की पुढचं वर्षभर पाणी, खत, पिलं काढणं, घड झाकणं, थंडीत चरका, मे-जूनमध्ये वादळ. आमच्या शिवारात एका वावटळीत उभी बाग आडवी झालेली मी पाहिली आहे. भाऊ तिकडे फोनवर बसणार आणि इकडे दीर एकटा? वर आप्पांची शुश्रूषा. जाऊबाईंना कुणी विचारलं का?

मेहरूणकाठ

रास्त विचारलंत. जाऊबाईंना मी स्वतः विचारलं, घरातल्या पुरुषांसमोर नाही, आम्ही दोघीच बिबडे वाळवत होतो तेव्हा. ती म्हणाली, आप्पांचं मी बघेन, पण रात्री उचलायला माणूस लागतो, तो पगारी ठेवा, आणि पैशाचं दर महिन्याला ठरवून द्या, मागायला लावू नका. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. माझ्या पगारातून ते आधी जाईल, नंतर आमचं घरभाडं. बागेचा निम्मा भाग यंदा दिरांच्या नावानं निम्म्या वाट्यानं करायचा विचार आहे.

सातपुडा_पायथा

हे ऐकून बरं वाटलं. मग शेतीचं ऐका.

सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. भाऊ पीआर झाले तरी भारताचे नागरिकच राहतात. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आहे ती ठेवता येते आणि वारसानं आलेलीही घेता येते. तुम्ही परदेशी नागरिक आहात, तुमच्या नावावर शेतजमीन खरेदी करायच्या भानगडीत पडू नका. आप्पांच्या नावावरची जमीन असेल तर आत्ताच हक्कसोड वगैरे करून जाऊ नका, भाऊबंद अशा वेळी सह्या मागायला येतात.

मुखत्यारपत्र जाण्याआधीच करा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन, मग तो कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरणं, सगळा खटाटोप. मुखत्यारपत्रात काय काय द्यायचं ते मोजून लिहा : पीककर्जाची कामं, विम्याचा अर्ज आणि दावा, ई-पीक पाहणी, वीजबिल, महसुली अर्ज. विक्रीचा आणि गहाणाचा अधिकार देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. यात अविश्वास नाही, उद्या भावावर कुणी दबाव आणला तर तोच म्हणू शकेल की मला अधिकार नाही.

ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून फोनवरून फोटो काढूनच होते, म्हणजे दिराच्या फोनमध्ये ॲप हवं. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळी आहे, पाहणीचे दिवस चुकले तर वादळानंतर हात चोळत बसावं लागेल. बँकेलाही कळवा. कायम बाहेर राहायला गेलं की साधं बचत खातं एनआरओत (अनिवासी भारतीयांच्या खात्यात) बदलायचं असतं.

धुळ्यानाभाऊ

ताई, चिंता करू नका, समदं बेस व्हई. मी नवऱ्याच्या बाजूनं लिहितो, कारण या धाग्यावर त्यांच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

मी अशाच परिस्थितीत गेलो होतो. बायको नागरिक, मी व्हिजिटर. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस राहणार. मी सांगितलं, बायकोकडे आलोय, पीआरचा अर्ज चालू आहे, सहा महिन्यांची परवानगी मिळावी, निकाल लागला नाही तर मुदत वाढवून मागेन नाहीतर परत जाईन. एओआर, परतीचं तिकीट, बायकोचं नेमणूकपत्र, सगळं एका फोल्डरमध्ये होतं. शिक्का मारला. तारीख लिहिली नसेल तर आल्या दिवसापासून सहा महिने धरायचे. मुदत वाढवायची तर ती संपायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. वेळेत गेला की निर्णय येईपर्यंत तुमचं तिथलं राहणं कायदेशीर असतं.

सामान मोजकं न्या. मी दोन बॅगा नेल्या. व्हिजिटर म्हणून उतरताय आणि बॅगेतून पाटा-वरवंटा, पितळी डबे, शाळेचे दाखले, लग्नाचे अल्बम निघाले तर समोरचा काय समजेल? घरातलं सामान पीआर झाल्यावर आणता येतं, तशी सोय आहे.

कामाचं बघा. व्हिजिटरला तिथे काम करता येत नाही, दुकानात मदत केली तरी ते काम. पण २०२३ पासून बाहेरून भरलेल्या फॅमिली क्लासवाल्यांनाही ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) मागता येतं : एओआर हवी, कॅनडात हजर हवं, तिथलं तात्पुरतं स्टेटस चालू हवं आणि पत्ता प्रायोजकाचाच हवा. पोचल्यावर लगेच भरून टाका. त्याचा निकाल येईपर्यंतचे महिने मात्र कठीण असतात. बायको सकाळी निघून जाते, बर्फ पडतो, कुणी ओळखीचं नाही, खिशात आपल्या कमाईचा पैसा नाही. गावाकडून फोन येतो, "काय रे, घरजावई झाला का?" इथे रावेरात ज्या माणसाच्या शब्दावर वीस मजूर कामाला लागतात तो तिथे डब्यात पोळी भरत बसतो. मला मुलगा होता म्हणून निभावलं. मी त्याला शाळेत सोडायचो, आणायचो, आणि त्याच महिन्यांत आमची जी ओळख झाली ती शेतात असताना कधी झाली नव्हती. भाऊंना हे आधीच सांगून ठेवा, गोड करून सांगू नका. बागेचं फोनवरून बघणं चालू ठेवू दे, इथल्या आपल्या शेतीकडे लक्ष ठेवणं हे काही कॅनडातली नोकरी नव्हे.

पाचोरा_बालरोग

शाळेबद्दल. आई नागरिक असल्यामुळे मुलीला शाळेसाठी स्टडी परमिट लागत नाही. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षी ओंटारियोत पहिली, आणि शाळा लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला की सुरू होतात.

लसींकडे आत्ताच बघा. ओंटारियोत शाळेला लसीकरणाची नोंद मागतात : घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, गोवर, रुबेला, गालगुंड, मेनिंगोकोकल, आणि २०१० पासून पुढे जन्मलेल्यांना कांजिण्याही. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला आहे, पण गालगुंड, कांजिण्या आणि मेनिंगोकोकल नाही. मुलीला फक्त अंगणवाडीत किंवा ग्रामीण रुग्णालयात लसी दिल्या असतील तर या तीन राहिलेल्या असणार. जळगावात खाजगीत मिळतात. दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नका. लसीकरण कार्डावरच्या तारखा पुसट असतात, डॉक्टरांकडून इंग्रजीत टंकलेलं, शिक्का असलेलं पत्र घ्या, त्यात लसीचं नाव आणि तारीख स्पष्ट हवी.

नवरा आणि मुलगी व्हिजिटर असेपर्यंत प्रांताचं आरोग्य कार्ड मिळेलच असं धरू नका, खाजगी विमा घेऊनच निघा. तिथे हात मोडला तर नुसत्या इमर्जन्सीचं बिल बागेच्या एका तोडणीएवढं होऊ शकतं.

आणि मेडिकल झालंय म्हणालात, ते बारा महिने चालतं. निकाल लांबला तर पुन्हा करायला सांगू शकतात, घाबरू नका, कॅनडातही करता येतं.

मेहरूणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गालगुंड-कांजिण्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, उद्याच जळगावला जाते. दागिन्यांचं कुणी सांगाल का? लग्नातलं सोनं आहे, सासूबाई म्हणतात सोबत ने, लॉकरमध्ये कशाला. मला भीती वाटते.

यावलची_लेक

जळगावचं सोनं ते, सासूबाईंचा जीव त्यात असणारच. पण या फेरीला रोजच्या वापरातलं मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं एवढंच न्या. बाकी लॉकरमध्ये, आणि लॉकरवर नवऱ्यासोबत सासूबाईंचं किंवा जाऊबाईंचं नाव घाला. भारतातून निघताना जड दागिने असतील तर विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे परत आणताना "हे तिकडून विकत आणलं" असं कुणी म्हणणार नाही. पुढे पीआर म्हणून उतरताना एकेका वस्तूची किंमत दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो, म्हणून सराफाकडून प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि किंमत लिहिलेला कागद करून ठेवा. आणि रोख रक्कम किंवा तशाच स्वरूपातले पैसे मिळून दहा हजार डॉलर किंवा जास्त असतील तर उतरताना जाहीर करावेच लागतात.

आता माझं मत. एकटीनं जाऊ नका. कायदा तुम्हाला एकत्र जायला मोकळीक देतो, ती वापरा. एका मुलीची आई सहा-आठ महिने लांब, बाप बागेत, हे मी जवळून पाहिलंय आणि त्यातून कुणाचंच भलं झालं नाही. पण जाणं असं असू द्या की परतीची वाट मोकळी राहील. बाग विकू नका, भाड्यानं सगळी देऊन टाकू नका, मुलीचं इथल्या शाळेतलं नाव लगेच काढू नका, मुख्याध्यापकांना भेटून रजेचं बोला. पीआर नाकारली जाण्याची शक्यता तुमच्या प्रकरणात मला फारशी दिसत नाही, तरी निकाल हातात पडेपर्यंत भाऊंचं घर रावेरातच आहे असं समजून सगळे व्यवहार करा. अधिकाऱ्याला तुम्ही पत्रात जे लिहिणार ते मग आपोआप खरं असेल.

भुसावळ_जंक्शन

वाचतोय सगळं. ताईंच्या बाबतीत नियम वेगळा आहे हे समजलं. एक विचारतो, व्हिजिटर व्हिसा नाकारलाच तर पीआरच्या अर्जावर काळा डाग पडतो का?

यावलची_लेक

नाही. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळे निकष. नकार आला तर तो पुढच्या फॉर्ममध्ये लिहावा लागतो, तेवढंच. कारणं वाचून, कमी पडलेला कागद जोडून पुन्हा मागता येतो. तसं झालं तर ताईंनी नोकरीवर रुजू व्हावं आणि बाकी दोघांनी नंतर यावं.

अमळनेरकर

मुलगी कधी दोघांपैकी एकाबरोबरच प्रवास करणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून ठेवा, कॅनडात उतरताना विचारू शकतात. आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना बायोमेट्रिक्स लागत नाहीत, त्यासाठी तिला मुंबईला नेण्याची गरज नाही.

चोपड्याची_मावशी

भाच्याशी बोलले. मुलाचं नाव लिहितोय. त्याच्या आईला मेडिकलसाठी भेटायला पण तयार झालाय. तिनं हो म्हटलं तर कुठे न्यायचं?

यावलची_लेक

फार चांगलं केलंत मावशी. मेडिकल कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडानं नेमलेल्या पॅनल डॉक्टरांकडेच. यादी त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर देशानुसार आहे, चोपड्याहून मुंबई सोयीची. अर्ज भरल्यावर मेडिकलचं सूचनापत्र येतं, ते हातात आल्यावरच अपॉइंटमेंट घ्या. मुलाचा पासपोर्ट आहे का, हे आधी बघा. नसेल तर तेच पहिलं काम. अल्पवयीनाच्या पासपोर्टला आई-बाप दोघांची संमती लागते आणि ताबा आईकडे असेल तर कोर्टाचा आदेश सोबत न्यावा लागेल.

मेहरूणकाठ

ठरलं. नवऱ्यानं धागा पूर्ण वाचला, धुळ्याच्या भाऊंचा प्रतिसाद दोनदा. व्हिसाचा अर्ज या आठवड्यात भरतोय, पत्र मी मराठीत लिहून काढलंय, इंग्रजी करून यावलच्या ताईंना व्यक्तिगत निरोपात पाठवते. मुखत्यारपत्राचा मसुदा वकिलांकडे दिला, विक्री आणि गहाण वगळून. दीर स्वतःच म्हणाले, तसंच करा. आप्पांसाठी रात्रीचा माणूस पुढच्या महिन्यापासूनच ठेवतोय, आम्ही असतानाच त्याची सवय व्हावी म्हणून. तिकीट तिघांचं, परतीचं. सातपुड्याचे भाऊ, ई-पीक पाहणीचं ॲप दिरांच्या फोनमध्ये घातलंय, पण खातेदार आप्पा आहेत आणि ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर येतो. तो नंबर तिकडे चालू ठेवायचा की इथेच दिरांच्या नावावर करून घ्यायचा?

सातपुडा_पायथा

इथेच ठेवा. सिम दिरांच्या फोनमध्ये, आणि तलाठ्याकडे व बँकेत कोणता नंबर जोडलाय ते जाण्याआधी एकदा बघून घ्या. भाऊंनी बँकेसाठी दुसरा नंबर आत्ताच जोडून घ्यावा, नाहीतर तिकडे बसून बँकेचा ओटीपी मागायला रोज पहाटे दिराला उठवावं लागेल.